एरर नंबर ३०

लिनक्सवर चालणारे एखादे छोटे यंत्र घ्या. बसस्थानकावर वेळापत्रक दाखवणारा फलक म्हणा, किंवा दुकानातले बिलिंग मशीन. त्याची फाइल सिस्टीम रीड-ओन्ली केली, म्हणजे वाचता येईल पण काही लिहिता येणार नाही अशी ठेवली, की पुढच्याच बूटला पडद्यावर तक्रारींची रांग लागते. अमुक फाइल तयार करता आली नाही, तमुक फाइल बदलता आली नाही, लॉक घेता आला नाही. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच शब्द, ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’. कर्नलच्या यादीत हा एरर नंबर ३०. यंत्र तयार करणारा यातून बहुतेक वेळा एकच निष्कर्ष काढतो: डिस्कला कुलूप लावल्यामुळे सगळे बिघडले, तेव्हा कुलूप काढा. हा निष्कर्ष घाईचा आहे, असे माझे ठाम मत आहे. डिस्कने इथे काहीच चुकीचे केलेले नसते. स्टार्टअप स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने कधीतरी, न सांगता, काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच लिहिता येणाऱ्या डिस्कवरही चुकीच्याच असतात. तिथे त्या गप्प राहतात, इथे बोलायला लागतात. म्हणून यातला प्रत्येक एरर नीट वाचायला हवा. तो एकच प्रश्न विचारत असतो: तुम्ही जे लिहू पाहता आहात, ते किती काळ टिकायला हवे आहे?

मुळात डिस्कवर लिहूच द्यायचे नाही, हा हट्ट कशासाठी? कारण अशी यंत्रे कोणी रीतसर बंद करत नाही. रात्री दुकान मिटताना मेन स्विच खाली होतो, पावसाळ्यात लाइट जाते, कोणीतरी मोबाइल चार्ज करायला प्लग उपसतो. २०१२ साली रास्पबेरी पाय आला आणि एसडी कार्डावर चालणारे स्वस्त संगणक जगभर जिकडेतिकडे बसवले गेले. त्याबरोबर ‘कार्ड करप्ट झाले’ ही तक्रारही घरोघर पोचली. फ्लॅश मेमरीचा स्वभावच असा, की लिहिलेल्यावर तिथल्या तिथे पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक मोठा ब्लॉक पूर्ण पुसावा लागतो, मगच नवे लिहिता येते. त्यामुळे कार्डातला छोटा कंट्रोलर माहिती सतत इकडून तिकडे हलवत असतो आणि काय कुठे ठेवले याची स्वतःची नोंद ठेवत असतो. ही हलवाहलव चालू असताना वीज गेली, तर ज्या फाइलमध्ये आपण लिहीत होतो तेवढीच धोक्यात येते असे नाही. शेजारच्या ब्लॉकमधली, महिनोन्‌महिने कोणी न शिवलेली फाइलही जाऊ शकते. लिहिणेच थांबवले, तर हा धोका जवळजवळ संपतो. आपल्या घरातले वाय-फाय राउटर वर्षानुवर्षे भिंतीवरच्या बटणाने बंद-चालू होतात आणि तरी पुन्हा उठतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे: त्यांतल्या बहुतेकांची मूळ प्रणाली स्क्वॉशएफएससारख्या दाबून भरलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये असते.

आता बूटची पहिली काही सेकंदे जवळून पाहू. कर्नल जागा झाल्यावर मूळ फाइल सिस्टीम माउंट करतो तो परंपरेने रीड-ओन्लीच. डिस्कची तपासणी व्हायची असते, आणि तपासणी चालू असताना कोणी लिहीत असेल तर तपासणीला अर्थ राहत नाही. तपासणी झाली, की एक स्क्रिप्ट तीच फाइल सिस्टीम पुन्हा माउंट करून लिहिण्यासाठी उघडते. म्हणजे आपला रोजचा लॅपटॉपसुद्धा जन्माचे पहिले क्षण रीड-ओन्ली अवस्थेतच काढतो. आपण फक्त ते दार पुढे उघडायचे नाकारतो. दार उघडले नाही, की पुढच्या स्क्रिप्टचे काय होते ते बघा. तिला एक सेवा सुरू करायची आहे. ती प्रोग्रॅम चालू करते आणि त्याचा प्रोसेस नंबर एका छोट्या फाइलमध्ये लिहायला जाते. या फाइलला पीआयडी फाइल म्हणतात. पुढे तो प्रोग्रॅम थांबवायचा किंवा तपासायचा तर नंबर हाताशी असावा, एवढाच तिचा उपयोग. लिहिणे फसते. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट मायनस ई’ असेल, म्हणजे पहिल्या चुकीला थांब अशी आज्ञा असेल, तर स्क्रिप्ट तिथेच संपते आणि उरलेल्या सेवा सुरूच होत नाहीत. तशी आज्ञा नसेल, तर प्रोग्रॅम चालू राहतो, पण थोड्या वेळाने पहारा ठेवणारी दुसरी स्क्रिप्ट येते, पीआयडी फाइल शोधते, ती सापडत नाही, आणि प्रोग्रॅम बंद आहे असे समजून त्याची दुसरी प्रत सुरू करते. दोन प्रती एकाच पोर्टसाठी भांडतात, आणि पडद्यावर शेवटी जी तक्रार दिसते ती पोर्टबद्दल असते. मूळ कारण वीस ओळी वर राहून गेलेले असते.

हे सगळे कुलपामुळे झाले असे वाटते खरे. पण हीच पीआयडी फाइल लिहिता येणाऱ्या डिस्कवर असती तर? प्रोग्रॅम सुरू झाला, त्याने ८४७ हा नंबर लिहून ठेवला, आणि वीज गेली. पुन्हा बूट झाल्यावर फाइल डिस्कवर तशीच आहे, तिच्यात ८४७ आहे, पण तो प्रोग्रॅम कधीच मेलेला आहे. स्क्रिप्ट फाइल पाहते आणि म्हणते, सेवा आधीच चालू आहे, मला काही करायचे नाही. किंवा त्याहून वाईट: आता ८४७ हा नंबर भलत्याच प्रोग्रॅमला मिळालेला आहे, आणि ‘सेवा थांबवा’ म्हटल्यावर स्क्रिप्ट त्या निरपराध प्रोग्रॅमला मारते. जुन्या इनिट स्क्रिप्टमध्ये अशा शिळ्या फाइली साफ करण्यासाठी वेगळ्या ओळी लिहिलेल्या असत, त्या यासाठीच. प्रोसेस नंबर ही या बूटपुरती गोष्ट आहे. वीज गेली की तिचा अर्थ संपतो. ती टिकाऊ डिस्कवर लिहिणे ही मुळातली चूक, आणि एरर नंबर ३० ने ती पहिल्याच दिवशी उघडी केली. या एररचे आपण आभार मानायला हवेत, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

शाळेत तीन वेगळ्या गोष्टी असतात. छापील पाठ्यपुस्तक, ज्यात कोणी काही लिहायचे नाही. फळा, जो रोज पुसला जातो. आणि जनरल रजिस्टर, जे कपाटात राहते आणि पन्नास वर्षांनीही दाखल्यासाठी काढावे लागते. संगणकाच्या फाइलींची वाटणी अगदी हीच आहे, आणि ती कोणाच्या लहरीतून आलेली नाही. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टम्सने स्वतःची डिस्क नसलेले वर्कस्टेशन विकायला सुरुवात केली. १९८४ सालच्या त्यांच्या एनएफएस या पद्धतीने अनेक वर्कस्टेशन एका सर्व्हरवरचा ‘यूएसआर’ हा फोल्डर नेटवर्कवरून वापरू लागली. सगळ्यांनी वाचायचा फोल्डर एकेकाने लिहून बदलू नये, म्हणून बदलत्या गोष्टी – लॉग, छपाईची रांग, टपाल – तिथून काढून वेगळ्या ‘व्हार’ फोल्डरमध्ये नेल्या गेल्या. ‘व्हार’ म्हणजे व्हेरिएबल, बदलणारे. पाठ्यपुस्तक वेगळे झाले, पण फळा आणि रजिस्टर ‘व्हार’मध्ये एकत्रच राहिले. पुढची अनेक वर्षे स्टार्टअप स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची त्यामुळे कुचंबणा झाली. बूटच्या सुरुवातीला ‘व्हार’ अजून माउंटही झालेले नसे, मग तात्पुरत्या नोंदी कुठे लिहायच्या? काहींनी त्या ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये लपवलेल्या नावांनी ठेवल्या, कारण तेवढीच जागा त्या वेळी लिहिण्याजोगी असे. डेबियनने ‘लिब’च्या पोटात एक खास कोपरा केला. २०११ साली फेडोरा १५ ने हा प्रश्न सरळ सोडवला: ‘रन’ नावाचा मुळाशीच एक फोल्डर, संपूर्ण रॅममध्ये, बूटच्या पहिल्या क्षणापासून लिहिता येणारा आणि वीज गेली की आपोआप कोरा होणारा. बाकीच्या लिनक्सनी तो लगेच उचलला, आणि २०१५ च्या फाइल सिस्टीम हायरार्की स्टँडर्डच्या ३.० आवृत्तीत त्याला अधिकृत जागा मिळाली. फळ्याला स्वतःची भिंत मिळाली. पीआयडी फाइल, लॉक, सॉकेट हे सगळे तिथले. आज एखादी जुनी स्क्रिप्ट रीड-ओन्ली डिस्कवर अडखळते तेव्हा निम्म्याहून अधिक दुरुस्ती एवढीच असते, की पत्ता बदलून ‘रन’चा द्यायचा.

काही नोंदी मात्र कुठेच लिहायला नकोत. माउंट ही आज्ञा पूर्वी प्रत्येक माउंटची नोंद ‘एमटॅब’ नावाच्या फाइलमध्ये करत असे, आणि मूळ डिस्क रीड-ओन्ली असली की बूटच्या पहिल्याच ओळीत तिथे ठेच लागे. पण काय काय माउंट आहे हे कर्नलला स्वतःलाच माहीत असते, आणि ‘प्रॉक’मधल्या माउंट्स या फाइलमधून तो ते कधीही सांगतो. एकाच सत्याची दुसरी प्रत हाताने ठेवायची, आणि वीज गेली की ती प्रत खोटी ठरायची, हा उद्योग हवाच कशाला? आता ‘एमटॅब’ ही कर्नलच्या त्या यादीकडे बोट दाखवणारी लिंक असते. अशीच एक आडवळणाची जागा बॅशमध्ये आहे. स्क्रिप्टमध्ये मजकुराच्या चार ओळी थेट एखाद्या आज्ञेला पुरवायच्या असतील तर ‘हिअर डॉक्युमेंट’ वापरतात. वाचणाऱ्याला त्यात लिहिणे कुठेच दिसत नाही. पण बॅश आतल्या आत तो मजकूर ‘टेम्प’ फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवत असे, आणि तो फोल्डर लिहिता येत नसेल तर स्क्रिप्ट तिथे कोसळे. २०२० च्या ५.१ आवृत्तीपासून लहान मजकुरासाठी बॅश पाइप वापरतो. स्क्रिप्ट डोळ्यांनी वाचून ती कुठे लिहिते हे ओळखता येते, हा समज या एका उदाहरणाने गळून पडावा. ते कळते चालवूनच, आणि चालवून पाहण्याची सर्वांत स्वस्त कसोटी म्हणजे रीड-ओन्ली डिस्क.

खरी अवघड जागा आहे ती रजिस्टरची. काही गोष्टी खरोखरच टिकल्या पाहिजेत, आणि त्या नुसत्या रॅममध्ये ढकलल्या तर एरर जातो आणि त्याच्या जागी अधिक गंभीर दोष येतो. रास्पबेरी पायच्या पहिल्या चार पिढ्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळच नव्हते. २०२३ च्या पाय ५ मध्ये त्याची सोय आली, तीही बॅटरी वेगळी जोडली तर. म्हणून एक छोटा प्रोग्रॅम शेवटची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या बूटला तिथून मोजणी सुरू करतो. डिस्क बंद केली, की ती फाइल कार्ड तयार केल्या दिवशी गोठते. प्रत्येक बूटला यंत्राला वाटते की आज तोच दिवस आहे. एखाद्या सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र गेल्या महिन्यात दिलेले असेल, तर ते यंत्राच्या दृष्टीने भविष्यातले ठरते आणि जोडणी नाकारली जाते. तक्रार प्रमाणपत्राची, दुखणे घड्याळाचे. दुसरे उदाहरण रँडम सीडचे. बंद होताना प्रणाली थोडी यदृच्छ माहिती साठवते, पुढच्या बूटला ती कर्नलला देते आणि लगेच नवी लिहिते, म्हणजे तीच पुन्हा वापरली जाऊ नये. रीड-ओन्ली डिस्कवर तीच ती दरवेळी येते. कर्नल इतर ठिकाणांहूनही अनिश्चितता गोळा करतो, त्यामुळे लगेच आभाळ कोसळते असे नाही. पण बूटच्या पहिल्या सेकंदांत, जेव्हा इतर स्रोत कोरडे असतात, तेव्हाच नेमक्या सुरक्षेच्या किल्ल्या तयार होत असतील तर धोका खरा आहे. २०१२ साली मिशिगन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो शाखेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या, तेव्हा टीएलएस वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या खासगी आरएसए किल्ल्या त्यांना नुसत्या गणिताने काढता आल्या. ही यंत्रे मुख्यतः राउटर, फायरवॉल अशी छोटी उपकरणे होती, आणि दोष सुरुवातीच्या क्षणांतल्या अपुऱ्या अनिश्चिततेचा होता. तिसरे उदाहरण मशीन आयडीचे. एकच तयार कार्ड शंभर यंत्रांत उतरवले आणि पहिल्या बूटला नवी ओळख लिहू दिली नाही, तर शंभर यंत्रांची ओळख एकच राहते. काही नेटवर्क व्यवस्था या ओळखीवरूनच आयपी पत्ता मागतात. मग दोन यंत्रांना एकच पत्ता मिळतो आणि दोन्ही आळीपाळीने गायब होतात.

या गोष्टींसाठी उपाय एकच: लहानसे वेगळे पार्टिशन, केवळ रजिस्टरसाठी, आणि ते मिळाले नाही तरी यंत्र उठेल अशी स्क्रिप्ट. ही दुसरी अट हौसेची नाही. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेले नासाचे स्पिरिट हे यान काही दिवसांतच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले; साठाहून अधिक वेळा. त्याच्या फ्लॅशवर प्रवासातल्या फाइलींची गर्दी साचली होती, ती फाइल सिस्टीम माउंट करताना रॅम पुरत नव्हती, माउंट फसले की यान स्वतःला रीस्टार्ट करत होते, आणि रीस्टार्ट झाल्यावर पहिले काम पुन्हा तेच माउंट. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी त्याला फ्लॅशला हात न लावता, फक्त रॅममधली फाइल सिस्टीम घेऊन उठण्याची आज्ञा दिली, तेव्हा ते सावरले. अशी वाट आधीपासून ठेवलेली होती म्हणून ती वापरता आली. ते यान रीड-ओन्ली नव्हते, पण स्टार्टअपने साठवणुकीवर किती विसंबावे हा प्रश्न तोच आहे.

आता यावरचे आक्षेप. पहिला व्यवहारी आक्षेप असा, की लिहायची वेळ आली की डिस्क क्षणभर उघडावी, लिहावे, पुन्हा बंद करावी. एवढा काथ्याकूट कशाला? उघडणे सोपे आहे, बंद करणे नाही. त्या क्षणात एखाद्या दुसऱ्याच प्रोग्रॅमने कुठलीतरी फाइल लिहिण्यासाठी उघडली असेल, तर कर्नल ‘बिझी’ म्हणून पुन्हा बंद करायला नकार देतो. स्क्रिप्ट तो नकार सहसा तपासत नाही. डिस्क महिनाभर उघडी राहते आणि सगळ्यांना वाटते ती बंद आहे. शिवाय ‘रीड-ओन्ली’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये: ईएक्सटी४ फाइल सिस्टीम अर्धवट अवस्थेत बंद पडली असेल, तर रीड-ओन्ली माउंट करतानाही ती आपले जर्नल डिस्कवर लिहून पूर्ण करते. ते टाळायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. दार एकदा उघडले, की त्याची किंमत पुढच्या बूटलाही मोजावी लागते ती अशी.

दुसरा मार्ग एरर गिळून टाकण्याचा. ओळीच्या शेवटी संदेश डेव्ह-नलमध्ये टाकायचा आणि ‘काही झाले तरी यश’ अशी जोड द्यायची. (डेव्ह-नल रीड-ओन्ली डिस्कवरही लिहू देते, कारण उपकरणाला लिहिणे हे फाइल सिस्टीमला लिहिणे नव्हे.) मला हा मार्ग सर्वांत घातक वाटतो. बऱ्याच ठिकाणी ईएक्सटी४ अशा सूचनेसह माउंट केलेली असते, की रचनेत बिघाड दिसताच स्वतःला रीड-ओन्ली करून घे. म्हणजे जी डिस्क लिहिण्यासाठी उघडी असायला हवी होती, तिच्यावर अचानक एरर नंबर ३० आला, तर तो डिस्क मरते आहे याचा पहिला निरोप असतो. शब्द तेच, अर्थ पूर्ण वेगळा. रजिस्टरच्या पार्टिशनवर लिहिणाऱ्या स्क्रिप्टने हा संदेश गिळला, तर कार्ड कधी गेले हे कोणाला कळणारच नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. ओव्हरलेएफएस २०१४ च्या अखेरीस लिनक्सच्या ३.१८ आवृत्तीत आले. खाली रीड-ओन्ली डिस्क, वर रॅममधला पातळ थर; प्रोग्रॅमला वाटते सगळे लिहिता येते, प्रत्यक्षात लिखाण वरच्या थरात जाते आणि वीज गेली की पुसले जाते. एकही स्क्रिप्ट न बदलता सगळे एरर गायब. सीडीवरून चालणाऱ्या नॉपिक्सने २००५ च्या सुमारास युनियनएफएस घेऊन हेच केले होते, आणि सीडीवर तर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्येही आज ही सोय एका पर्यायावर मिळते. प्रयोगशाळेतल्या संगणकाला, प्रदर्शनातल्या फलकाला ती उत्तम आहे, यात शंका नाही. पण तिने प्रश्न सुटत नाही, झाकला जातो. जे टिकायला हवे होते तेही आता यशस्वीपणे लिहिले जाते आणि सकाळी नाहीसे होते. बदललेला पासवर्ड, नवी सेटिंग, कालचा हिशेब. स्क्रिप्टला कोणी खोटे ठरवत नाही, कारण कोणी तक्रारच करत नाही. वर, खालच्या फाइलमधले एक अक्षर बदलले तरी पूर्ण फाइल वर कॉपी होते. दोनशे एमबीचा डेटाबेस असेल तर दोनशे एमबी रॅम गेली. लॉग वाढत राहिले तर यंत्र कधीतरी मेमरी संपून अडते, आणि अडले की लॉगही जातात. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी ओव्हरलेशिवाय चालवून एरर गोळा करावेत, त्यांची वाटणी करावी, आणि जे खरोखर बदलता येत नाही अशा परक्या प्रोग्रॅमपुरताच ओव्हरले द्यावा.

एवढे कष्ट मूठभर छोट्या यंत्रांसाठी कशाला, असेही कोणी म्हणेल. पण कष्ट आता सगळ्यांच्याच वाट्याला आले आहेत. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचे सिस्टीम पार्टिशन रीड-ओन्लीच असते. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकची मूळ प्रणाली रीड-ओन्ली भागात नेली. सर्व्हरवर कंटेनर चालवणाऱ्यांना रीड-ओन्ली ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो अमलात आणणाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटतो तो एनजिन्क्स या वेब सर्व्हरचा एरर: कॅशचा फोल्डर लिहिता येत नाही, पीआयडी फाइल लिहिता येत नाही. हे चाळीस वर्षांपूर्वीचेच दुखणे आहे. सुरक्षेचा लाभही मात्र नीट मापून सांगायला हवा. २०१६ साली मिराई या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. ते फक्त रॅममध्ये राहत असे, रीबूट केले की जाई, आणि पासवर्ड तोच असल्यामुळे काही मिनिटांत परत येई. रीड-ओन्ली डिस्क घुसखोराला घर करू देत नाही, दार लावून घेत नाही.

उरतो अपडेटचा आक्षेप: जे कधी लिहायचेच नाही ते सुधारायचे कसे? अँड्रॉइडने २०१६ च्या ७.० आवृत्तीत दिलेले उत्तर आता इतर यंत्रांतही दिसते. मूळ प्रणालीच्या दोन प्रती, ए आणि बी. ए चालू असताना नवी आवृत्ती बी वर लिहिली जाते. चालू प्रतीला कोणी हात लावत नाही. मग बीवरून बूट. बूटलोडर तिला ठरावीक संधी देतो, आणि प्रत्येक प्रयत्नाला एक संधी कमी करतो. सगळ्या सेवा उठल्या, तपासणी पार पडली, की स्टार्टअपचे शेवटचे काम म्हणून एक खूण केली जाते: ही प्रत चांगली आहे. ती खूण झाली नाही तर संधी संपल्यावर यंत्र आपोआप ए वर परत जाते. मूळ प्रणालीचा एकही बाइट चालू असताना न बदलणाऱ्या या यंत्रालाही ती एक खूण मात्र लिहावीच लागते, आणि ती वीज गेल्यावरही टिकेल अशा जागी.